मातीतला रविवार

आमच्या गाडीवाल्यांपैकी कोणी रस्त्यात भेटला, की माझी बायको लांबूनच ओळखते आणि भाजीची पिशवी माझ्या हातातून काढून घेऊन सरळ घरी निघते. तिला माहीत असतं, आता हा गडी तासभर काही हलत नाही! एक किस्सा निघाला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. दर वेळी सांगताना त्यात मीठही थोडं वाढतं. मी जमेल तेवढं धुऊन सांगतो, पण पडलो कोळी. थोडं खारट लागणारच.

ऐंशीच्या दशकातल्या गोष्टी आहेत. बोरिवलीहून खाडी ओलांडली की आमचं गाव. दर वर्षी जानेवारीत, भात कापून झालं की, एका रविवारी आम्ही आमच्या जागेत मोटरसायकली आडरानात पळवायचो. चिखल, वाळू, शेताचे बांध, सगळ्यावरून. त्याला आम्ही ‘मातीतला रविवार’ म्हणायचो.

सुरुवात अशी झाली. अंधेरीला एका रिकाम्या मैदानात आम्ही चार-पाच जण गाड्या उडवायचो. एकदा वॉचमनने काठी घेऊन आम्हाला पिटाळलं. बाहेर टपरीवर चहा पिताना सगळ्यांचे चेहरे एवढे पडले होते, की मी बोलून गेलो, “अरे सोडा ना! आमची जागा आहे की गावाला!”

जागा होती, अगदी झकास होती. खालच्या अंगाला खाजण, म्हणजे खाडीच्या पाण्याची चिकट जमीन. मध्ये भाताची खाचरं, वर वाळूचा उंचवटा. फक्त ती ‘आमची’ नव्हती, अर्धीच आमची होती. उरलेली अर्धी तात्यांची.

तात्या माझे सख्खे काका, बाबांचे थोरले भाऊ. आजोबा गेल्यावर होडीला इंजिन बसवायचं की शिडावरच चालवायची, यावरून दोघांचं वाजलं. तात्यांनी न विचारता इंजिन बसवलं. बाबा होडीतून उतरले ते उतरलेच, आणि बोरिवलीला कारखान्यात लागले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी शब्द बोलत नव्हते. घरं एका भिंतीची, विहीर एक. जागेची वाटणीसुद्धा झाली नव्हती, कारण वाटणी करायची तरी बोलावं लागतं!

मी तात्यांच्या मांडीवर खेळलेला पोर. मला मनापासून वाटायचं, या दोघांनी एकदा तरी बोलावं. आणि इंजिनावरून भांडण झालेल्या त्या घरात मी काय आणलं, तर इंजिनं!

*

परवानगी मागायला आधी बाबांकडे गेलो.

बाबा म्हणाले, “जागा काय माज्या एकट्याची हाय? तिकरं इचार.”

तिकडे, म्हणजे भिंतीपलीकडे. तिकडे तात्या जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “मना कनाला इचारतंस? तुज्या बापाला इचार.”

परत इकडे, परत तिकडे. दुपारपर्यंत माझ्या चपला झिजल्या. शेवटी आई आणि काकी मध्ये पडल्या. इथे सांगायला हवं, की भांडण फक्त पुरुषांचं होतं. दोघी जावा एकत्र मासे वाळवायच्या, एकत्र बाजारात जायच्या, आणि दोघींचं हसू गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं.

काकीने मला ओट्यावर बसवलं. “तू गप ऱ्हा. आमी बगतो.”

आई आत जाऊन बाबांना म्हणाली, “पलीकरशी नाय म्हनतान.” त्याच वेळी काकी तात्यांना म्हणाली, “अलीकरशी नाय म्हनतान.”

भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला. “त्यो कोन नाय म्हननारा? जागा माजी पन हाय! पोराला सांग, गाड्या आन!”

पुढे दर वर्षी परवानगी याच पद्धतीने मिळाली. दर वर्षी दोघंही तेवढ्याच जोरात चिडले!

*

आता मंडळींची ओळख करून देतो. सावंत मूळचा मालवणचा. वडील गिरणीत, स्वतः घाटकोपरला राहून औषधांचा सेल्समन. नंदूचं अंधेरीला गॅरेज. आणि केळकर, मुलुंडचा, बँकेत. आमच्यात शिस्त नावाची जी काही वस्तू होती ती केळकरकडे होती, आणि ती म्हणजे एक शिट्टी.

पहिल्या वर्षी गाड्या खाडीपार न्यायच्या कशा, हाच मोठा प्रश्न. शेवटी माणसांच्या नावेतच चढवल्या. नावेत आधीच बाजारातून परतणाऱ्या कोळणी, त्यांच्या रिकाम्या पाट्या, एक बकरी. त्यात आमच्या गाड्या घुसवल्या. कोणी सरकायला तयार नाही.

नंदूने नवी बुलेट मधोमध उभी केली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. तेवढ्यात आमच्या गावची भागीमावशी आली, इकडेतिकडे पाहिलं, बसायला जागा नाही. तिने पदर खोचला आणि टुणकन नंदूच्या सीटवर जाऊन बसली. पाटी समोर टाकीवर!

नंदूचा जीव वरखाली. “मावशी, अहो नवीन गाडी आहे ती!”

मावशी म्हणाली, “मंग? जुनी असती तर बसली नसती.”

पलीकडे पोचेपर्यंत ती उतरली नाही. टाकीला कोळंबीचा वास पुढे कितीतरी महिने होता. नंदू म्हणायचा की गॅरेजच्या गल्लीतली मांजरं तेव्हापासून त्याला ओळखतात.

*

दुसऱ्या वर्षी केळकरने शिस्तीत काम करायचं ठरवलं. जानेवारीचा दुसरा रविवार, असं त्याने सगळ्यांना परस्पर कळवून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही.

मंडळी उत्साहाने आली आणि बघतात तर काय, जागाभर बोंबील! बांबू रोवून, दोऱ्या ताणून उंच मांडव घालतात, त्यावर बोंबील वाळतात. त्याला आमच्याकडे वलांडी म्हणतात. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, खाडीच्या पाण्याला ओढ असते, तेव्हा होड्या जातात आणि वलांडी भरतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या घरी आणि वलांडी रिकाम्या. गाड्या फिरवायच्या तर भांगालाच फिरवायच्या. हे केळकरला कोण सांगणार?

केळकर शिट्टी गळ्यात अडकवून म्हणाला, “हे मासे जरा बाजूला घेता येतील का?”

काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “तुमी धूळ उरवाल, मंग बाजारात गिऱ्हाईक म्हनंल, कोलनीनं आयता मसाला लावून दिलाय!”

मग तिने टोपल्यांकडे बोट दाखवलं. टोपल्यांत सकाळचे ओले बोंबील होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. त्या रविवारी सगळे गाडीवाले हेल्मेट घालून, हातमोजे घालून, बोंबील टांगत उभे होते. केळकर नाकाला रुमाल बांधून उभा. गाडी एकाचीही सुरू झाली नाही.

संध्याकाळी काकीने सगळ्यांना जेवायला घातलं आणि सावंतला शाबासकी दिली. “ह्यो बरा हाय. ह्याला ठेवा.”

*

केळकर मात्र धडा विसरणारा माणूस नव्हता. पुढच्या वर्षी त्याने पंचांग विकत आणलं. मुलुंडच्या घरी रोज रात्री जेवण झालं की तो पंचांग उघडून पौषातल्या अष्टम्या बघत बसायचा. रविवार आणि अष्टमी जुळते का, बोटांवर मोजायचा.

त्याच्या आईने हे दाराआडून पाहिलं. मुलगा लग्नाला नाही नाही म्हणत होता, आणि आता स्वतःहून पंचांग बघतोय! माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कोणाला काही विचारलं नाही. थेट मुली बघायला सुरुवात केली.

केळकरला कळलं तेव्हा पुण्याहून मुलगी तिच्या मामासकट हॉलमध्ये बसली होती. मामा म्हणाले, “आपल्याला कुठली तिथी सोयीची वाटते?”

केळकर गडबडला आणि म्हणाला, “भांगाची!”

मुलगी हसली. बाकी कोणाला काहीच कळलं नव्हतं. तिला तरी काय कळलं देव जाणे, पण जमलं! चैत्रात लग्न झालं, आणि वहिनी पुढच्या वर्षीच्या रविवारी स्वतः आमच्यासाठी दडपे पोहे घेऊन आल्या.

*

शर्यतीचाच एक किस्सा. वळसा लांब होता, म्हणून एका टोकाला बाबा पांढरा फडका घेऊन उभे आणि दुसऱ्या टोकाला तात्या लाल फडका घेऊन. पांढरा हलला की सुरू, लाल हलला की बंद. दोघंही न बोलता का होईना, आपापल्या जागी येऊन उभे राहिले, यातच मला आनंद. मनात म्हटलं, गाडी रुळावर येतेय.

बाबांनी फडका हलवला, गाड्या सुटल्या. ठरलेले वळसे झाले. लाल फडका काही हलेना. आणखी एक वळसा, आणखी एक. सावंत जाता जाता ओरडला, “तात्यानू, फडको! फडको हलवा!” तात्या ढिम्म.

मी धावत गेलो. “तात्या, थांबवा ना!”

तात्या शांतपणे म्हणाले, “मी सुरू केली काय? ज्यानं सुरू केली त्याला सांग थांबवाला.”

मी उलट धावत बाबांकडे. बाबा म्हणाले, “माजं काम सुरू कराचं. बंद कराचं काम माजं नाय.”

तिकडे केळकरची शिट्टी इंजिनांच्या आवाजात कोणाला ऐकू जाईना. मधेच सोडून द्यायचं म्हणजे हरायचं, म्हणून थांबायला कोणीच तयार नाही. हळूहळू एकेकाचं पेट्रोल संपत गेलं. नंदूची बुलेट वाळूत गचके खाऊन मेली. सावंत बांधावर लटकला.

शेवटी मैदानात एकच वाहन फिरत राहिलं. शेजारच्या गावचे एक मास्तर मोपेडवरून शर्यत बघायला आले होते आणि वाट चुकून आत शिरले होते. पॅडल मारत मारत ते तात्यांसमोर आले आणि विचारलं, “अहो, बाहेर जायचा रस्ता कुठला?”

तात्यांनी लाल फडका हलवला.

कप मास्तरांना द्यावा लागला. तो अजूनही त्यांच्या शाळेच्या कपाटात आहे म्हणे!

*

चौथ्या वर्षी गावातल्या जुन्या माणसांनी हरकत घेतली. नारळीपौर्णिमेला होड्या पाण्यात जातात तेव्हा त्यांची पूजा होते, मग या गाड्या आमच्या देवीच्या हद्दीत बिनपूजेच्या कशा फिरतात? रास्त मुद्दा होता.

हळद, कुंकू, नारळ सगळं आलं. पण होडीला पूजा नाळेची करतात, म्हणजे पुढच्या टोकाची. गाडीची नाळ कुठली? एक म्हातारा म्हणाला चाक, दुसरा म्हणाला हँडल. बराच खल झाला. तात्यांनी निकाल दिला. “पान्यात पयला कोन बगतो? त्योच नाल. गारीचा दिवा!”

मग प्रत्येक गाडीच्या हेडलाइटवर गोडं तेल लावून कुंकवाचा जाड लेप बसला.

संध्याकाळी सावंत घाटकोपरला निघाला. अंधार पडला, दिवा लावला, तर पुढे लालभडक उजेड! हवालदाराने हात आडवा केला. “काय रे, मागचा दिवा पुढे लावलास काय?”

सावंत म्हणाला, “साहेब, देवीचो आसा. पुसूक धीर होणा नाय.”

हवालदाराने जवळ येऊन काच निरखली, बोट लावलं, आणि तेच बोट स्वतःच्या कपाळाला टेकवलं. “जा हळू,” म्हणाला. मग त्याने शिट्टी फुंकून बाकीची वाहनं थांबवली आणि सावंतला आधी वाट दिली.

*

एवढं सगळं होऊनही बाबा आणि तात्या बोलत नव्हतेच. आई म्हणायची, “ढीगभर गाऱ्या आनल्यास, पन ह्यांची एक काय चालू झाली नाय.” मला वाईट वाटायचं. दर वर्षी परवानगीची ती जुनी युक्ती करताना काकीही आता पूर्वीसारखी हसत नसे. बाबांचे केस पांढरे झाले होते. तात्यांना होडीवरून उतरताना हात लागायचा. किती वर्षं आणखी?

मग ते वर्ष आलं. केळकरच्या मुलीचं बारसं नेमकं आमच्या अष्टमीच्या रविवारी. केळकरशिवाय शर्यत कशी करायची? आठवडाभर पुढे ढकलली.

आता अष्टमीनंतर आठवड्याने काय येतं, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पौर्णिमा. उधाण! पण त्या आठवड्यात गावदेवीची जत्रा होती. होड्या किनाऱ्याला बांधलेल्या, वलांडी रिकाम्या. आणि आम्हाला जन्माची सवय, की वलांडी रिकामी म्हणजे भांग, पाणी मंद, खाजण कोरडं. आईने पाहिलं, वलांडी रिकामी. काकीने पाहिलं, बाबांनी पाहिलं. तात्या जत्रेच्या गडबडीत, पंचांगवाला केळकर बारशाच्या. कोळ्यांच्या आख्ख्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही, की वलांडी देवीमुळे रिकामी आहे, पाण्यामुळे नाही!

दुपारी सगळ्या गाड्या खाली खाजणात उभ्या करून आम्ही वर जेवायला बसलो. केळकरवहिनींनी बारशाचे लाडू पाठवले होते. सावंतची गाडी तेवढी वर होती. ती सकाळीच बिघडली म्हणून त्याने विहिरीवर नेली होती, धुऊनपुसून चकचकीत करून उभी केली होती.

नंदू हात धुवायला उठला आणि तिथूनच किंचाळला, “पाणी!”

खाडी उसंत न देता आत शिरत होती. गाड्यांची चाकं निम्मी बुडालेली, खालचा चिखल सुटून गाड्या आणखी रुतत चाललेल्या. आम्ही ताटं टाकून धावलो. एकेका गाडीला चौघं चौघं भिडलो, तरी हलेना. उलट आमचेच पाय मांडीपर्यंत आत. नंदू रडकुंडीला आला.

तेवढ्यात तात्या आले. खांद्यावर होडीचा जाडजूड दोर. त्यांनी पहिल्या गाडीला गाठ मारली, दोर वर आणला, आणि सगळ्यात पुढे उभे राहिले. होडी ओढायची आमची रीत आहे. पुढचा माणूस हाक देतो, शेवटचा माणूस दोर कमरेला घेऊन, पाय रोवून, त्या हाकेला उत्तर देतो. त्या उत्तरावर सगळ्यांनी ओढायचं. पुढे तात्या होते, मध्ये आम्ही, शेवटाला सावंत.

“हेऽऽ जोर!” तात्यांनी हाक दिली.

सावंत म्हणाला, “हां, जोर जोर!” आणि आम्ही एकेकाने आपापल्या वेळी दोर ओढला. गाडी जागची हलली नाही.

“हेऽऽ जोर!” पुन्हा तेच.

तात्या पुढे बघतच कडाडले, “शेवटाला कोन हाय? दोर ढिला परतंय!”

बाबा बांधावर उभे होते. त्यांनी वर आईकडे पाहिलं. मग धोतर खोचलं, चिखलात उतरले, सावंतला खांद्याने बाजूला केलं आणि दोराचं टोक कमरेला गुंडाळलं.

“हेऽऽ जोर!”

“होऽऽ जोर!”

दोर तारेसारखा ताणला गेला. तात्या क्षणभर थांबले. मागे वळून पाहिलं नाही. आवाज तर त्यांनी ओळखलाच असणार, पण मला वाटतं, त्याआधी त्यांच्या हाताला दोर कळला. पुढची हाक दिली तेव्हा त्यांचा आवाज फुटला होता.

“हेऽऽ जोर!”

“होऽऽ जोर!”

पहिली गाडी बाहेर. दुसरी. हाक आणि उत्तर, हाक आणि उत्तर. तिसरीच्या वेळेला हाकेच्या मधेच तात्या म्हणाले, “डावीकरं घे.” मागून बाबा म्हणाले, “घेतला.” थोड्या वेळाने बाबा म्हणाले, “हलू. गाठ सुटंल.” तात्या म्हणाले, “नाय सुटत. बापाची गाठ हाय.”

माझे हात दोरावर होते आणि डोळे भरून आले होते. वर वलांडीखाली आई आणि काकी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. दोघींपैकी एकही हसत नव्हती.

नंदूची बुलेट शेवटची. ती वर आली तेव्हा आम्ही सगळे चिखलाने एका रंगाचे झालो होतो. नंदू गाडीला मिठी मारून बसला.

तात्यांनी दोराची गाठ सोडली. बाबांनी कमरेचा वळसा काढला. तात्या खाली बघत दोर गुंडाळायला लागले. बाबा पाय धुवायला वळले. दोघांची तोंडं पुन्हा दोन दिशांना.

मी सावंतकडे पाहिलं. सावंतने माझ्याकडे पाहिलं. मग तो चिखल तुडवत वर गेला, विहिरीवरची आपली धुतलेली, पुसलेली, चकचकीत गाडी स्टँडवरून काढली, उतारावरून ढकलत थेट खाजणात नेली, आणि हँडल बुडेपर्यंत आत घातली.

“तात्यानू!” तिथूनच ओरडला. “ही एक ऱ्हवली आसा!”